श्रावणानंतरची बाग

फार फार पूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात सारजा नावाची बाई एकटीच राहायची. घरामागे तिची लहानशी बाग होती. आईच्या हातची जाई, लाल जास्वंद, कुंपणाशी दूर्वा आणि आघाडा.

श्रावण लागला की पूजेची फुलं न्यायला गावच्या बायका येत, नि फाटकाची कडी दिवसभर वाजायची. "सारजे, उठलीस का गं? जाई संपायच्या आत आले बाई!"

"एवढी फुलं! देवाला नेतेस की स्वतःच्या वेणीला?" सारजा हसून विचारायची.

परड्या भरायच्या, खिदळणं चालायचं. सारजाला वाटायचं, हे असंच राहावं.

पण सणवार सरले की कडी मुकी व्हायची. मग वाळकं पान पडलं, तरी सारजा दचकून फाटकाकडे बघायची. कुणी नसायचं.

एका वर्षी तिनं खुरपं उचलून आढ्याला खोचलं. "कुणासाठी मरमर करू? येतंय कोण?" थंडीत छाटणी झाली नाही. उन्हाळ्यात जाईचं आळं भेगाळलं, रांजण कोरडा पडला.

पुन्हा श्रावण आला. बायकांनी कुंपणावरून डोकावून पाहिलं. "आटपली गं हिची बाग," असं म्हणून त्या पुढे निघून गेल्या.

सारजा जाईपाशी बसून रडली. "फुलं होती तोवर मी सगळ्यांची होते."

"आम्हीही हेच म्हणत होतो," रांजणामागून आवाज आला. सारजा केवढ्यानं दचकली! तिथं एक म्हातारा बेडूक बसला होता.

"घाबरू नकोस. तुझ्या रांजणाच्या ओलीवर जगणारा मी. बाई, बहर सरला नि तूही पाठ फिरवलीस. उन्हाळाभर मी नि ही झाडं, आम्ही तुझ्या पावलांची वाट बघितली."

सारजानं जाईच्या वाळक्या फांदीला हात लावला. हळूच तिनं विचारलं, "मेली का रे माझी जाई?"

"बुंध्याला नख लावून बघ."

तिनं नख लावलं. सालीखाली पुसटसं हिरवं होतं.

त्या दिवसापासून खुरपं आढ्यावर चढलं नाही. थंडीत तिनं वाळक्या फांद्या छाटल्या, शेणखत घातलं. ऊन तापलं तसा आळ्यात पालापाचोळा पसरला, भांड्यांचं धुवणसुद्धा झाडांना घातलं. रांजण भरलेला ठेवला. बघायला कुणीच नव्हतं, तरीही.

वैशाखातल्या एका संध्याकाळी पाणी घालता घालता तिचं लक्ष शेजारच्या म्हाताऱ्या आत्याबाईंच्या बंद दाराकडे गेलं. संक्रांतीला तिळगूळ दिला, त्यानंतर ती तिकडे फिरकलीच नव्हती. 'उगाच कशाला आली, असं म्हणतील का?' तरी ती गेली, रिकाम्या हातांनी.

"काय गं, आज कुठला सण?" आत्याबाईंनी विचारलं.

"सण नाही. सहज आले."

आत्याबाईंनी लगबगीनं चटई अंथरली. मग म्हणाल्या, "बस. बस गं पोरी."

श्रावणात जाई फुलली. कडी वाजली, परड्या भरल्या, आणि सण सरल्यावर बायका नेहमीसारख्या पांगल्या. फाटक पुन्हा गप्प झालं.

एका ओक्याबोक्या दुपारी अचानक कडी वाजली. सारजा दचकून उठली. दारात काठी टेकत आत्याबाई उभ्या होत्या.

"फुलं संपली हो, आत्याबाई," ती ओशाळून म्हणाली.

"फुलं कुणाला हवीत? सहज आले मी."

तात्पर्य: बाग असो की माणूस, बहर नसतानाही ज्याची विचारपूस होते, तेच जगतं.