निश्चिंतीचा एक्स-रे

साताऱ्याच्या समुपदेशक हेमांगी खलाटे यांच्याकडे येणारे ट्रकचालक शिवराम भोईटे अपघातानंतर स्टिअरिंगला हात लावायला धजत नव्हते. उपचारांचा गुण येत होता, पण फी परवडेना, म्हणून त्यांनी येणं थांबवलं. आरोग्यविमा होता, पण एकट्यादुकट्या समुपदेशकाशी करार करायला विमा कंपनी तयार नव्हती.

तेव्हा ज्येष्ठ समुपदेशक सुमतीबाई देवस्थळी यांनी हेमांगीला आपल्या समुपदेशकांच्या संघटनेत घेतलं आणि संघटनेच्या विमा कंपनीशी होणाऱ्या कराराच्या बैठकीलाही सोबत नेलं.

कंपनीचे व्यवस्थापक रणदिवेसाहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "हाड मोडलं तर एक्स-रेत दिसतं. मनाचं दुखणं कुठे दिसतं? जे दिसत नाही, त्याचे पैसे आम्ही का द्यायचे?"

सुमतीबाई हेमांगीला म्हणाल्या, "तू बोल."

हेमांगीने साहेबांच्या मागच्या भिंतीवरची जाहिरात दाखवली. "साहेब, तुम्हीच लिहिलंय, 'आमचा विमा घ्या, निश्चिंत राहा.' ही निश्चिंती कुठल्या एक्स-रेत दिसते? तिचे पैसे तर तुम्ही दरवर्षी घेता!"

साहेबांचे सहकारीच आधी हसले. मग साहेबांनाही हसू आवरेना. "हरलो, बाई," म्हणत त्यांनी कराराचा कागद पुढे ओढला.

शिवरामांचे उपचार पुन्हा सुरू झाले. दिवाळीच्या आधी ते स्वतः ट्रक चालवत आले आणि हेमांगीचे आभार मानू लागले. तिने त्यांना सुमतीबाईंचा पत्ता लिहून दिला.

"आभार तिकडे पोचवा, दादा. बाईंनी मला त्या खोलीत नेलं नसतं, तर माझं उत्तर ऐकायला होतं कोण?"