कर्नलसाहेबांचा पेला

खोगीर शिवणाऱ्या नाजीला शिपायांनी भर बाजारातून उचलून नेलं. गुन्हा काय? कॉफीखान्यात बसून तो म्हणाला होता, "गोरा लाटसाहेब गेला, पण जाताना खुर्ची विसरला. आमचे कर्नलसाहेब तिच्यावर बसले ते बसलेच. आता बस झालं!"

सफरान देशात हे बोलणं म्हणजे फितुरी! कर्नल मुहल्लब यांनी परक्यांना हाकललं होतं. म्हणजे असं ते स्वतः दर शुक्रवारी रेडिओवर सांगत. महाल लाटसाहेबाचाच, तुरुंग लाटसाहेबाचाच, चाबूकही तोच. झेंडा मात्र नवा होता. निवडणुकाही होत. कर्नलसाहेबांना शंभरातली शंभर मतं पडत. एका वर्षी मोजणाऱ्यांनी उत्साहाच्या भरात एकशेतीन मोजली, तर त्यांना बढती मिळाली!

नाजीची मुलगी रुमैसा महालात जाऊन उभी राहिली.

"हुजूर, माझ्या अब्बांना सोडा."

"तुझा बाप खोटारडा आहे!" कर्नलसाहेब गरजले. "म्हणे लोकांना माझा कंटाळा आला! आला असता तर बोलले नसते? 'बस' असं एक तरी माणूस म्हणालं का कधी?"

"एक म्हणाले, हुजूर. ते तुमच्या तुरुंगात आहेत."

मंत्र्यांनी माना खाली घातल्या. कर्नलसाहेबांच्या छातीवरची पदकं खुळखुळली.

"जीभ फार चालते तुझी! ऐक तर. 'बस' हा शब्द मी ऐकून घेत नाही, आणि स्वतः तर जन्मात म्हणालो नाही. टाळ्या, पदकं, सत्ता, कशालाच नाही! माझ्याकडून 'बस' वदवून घे, तुझा बाप सुटला. नाही जमलं, तर तूही त्याच्या शेजारी कोठडीत जाशील."

"कबूल. उद्या स्वातंत्र्यदिन. टोळ्यांच्या शेखांच्या तंबूत हुजूर पाहुणे म्हणून जाणार. तिथं कॉफी वाढायचं काम तेवढं मला द्या."

"दिलं! त्यात काय!"

दुसऱ्या दिवशी तंबू गच्च भरला. कर्नलसाहेबांनी भाषण ठोकलं. "परक्यांनी आपल्या चालीरीती बुडवल्या! मी त्यांचा राखणदार आहे!" शेखांनी टाळ्या वाजवल्या. न वाजवून करतात काय?

मग लांब चोचीची पितळी किटली घेऊन रुमैसा आली. पहारेकऱ्यानं आधी कॉफी घोटभर चाखून पाहिली. कडू होती, पण विषारी नव्हती. तिनं चिमुकला पेला भरला. कर्नलसाहेबांनी एका घोटात संपवला. तिनं पुन्हा भरला. त्यांनी संपवला. तिनं पुन्हा भरला.

सफरानात रीतच तशी. पेला रिकामा झाला की वाढणाऱ्यानं भरायचा. नको असेल तर पाहुण्यानं रिकामा पेला हातात हलवायचा. भरलेला पेला खाली ठेवला, तर यजमानाच्या तंबूचा अपमान!

कर्नलसाहेबांच्या ते लक्षात आलं, पण जरा उशिरा. हलवावा, तर पोर जिंकते. ठेवावा, तर चालीरीतींचा राखणदार सगळ्या टोळ्यांसमोर उघडा पडतो. ते पीत राहिले. एक किटली संपली, दुसरी आली. कपाळावर घाम आला. पदकं आपोआप वाजू लागली.

"हुजूर, चेहरा का उतरला? कॉफी बिघडलीय का?" रुमैसानं विचारलं.

"छे! उत्तम आहे!"

"मग घ्या ना अजून!"

किटलीची चोच पुन्हा खाली वळली. कर्नलसाहेबांनी डोळे मिटले आणि पेला हलवला. असा हलवला की हातातून निसटायचाच!

"हुजूर 'बस' म्हणाले!" रुमैसा म्हणाली.

"मी? तोंडातून शब्द तरी काढला का?"

सर्वांत म्हातारा शेख दाढी खाजवत म्हणाला, "हुजूर, पेला हलवणं म्हणजे काय, हे आमच्या शेळ्यांनाही कळतं. राखणदाराला कळायला हवं."

"मी कॉफीला बस म्हणालो! राज्याला नाही!"

"राज्याचं मी कुठं बोलले?" रुमैसा म्हणाली. "पण हुजूर, मघापासून तुम्हालाही नकोसं झालं होतं. तरी चारचौघांच्या धाकानं 'उत्तम आहे' म्हणत गिळत होतात. लोकही तेच करतात. फरक इतकाच, की तुमच्या हातात हलवायला पेला तरी होता!"

मंत्री कर्नलसाहेबांच्या मिशीकडे पाहत होते. मिशी थरथरली, वर गेली आणि कर्नलसाहेब पोट धरून हसू लागले. लगेच मंत्रीही हसले, त्यांच्याहून मोठ्यानं.

"सोडा त्या खोगीरवाल्याला! आणि पोरी, तुला मी मंत्री करतो! महाल देतो, मोटार देतो, पदक देतो! बोल, अजून काय देऊ?"

रुमैसानं तबकातला एक रिकामा पेला उचलला, कर्नलसाहेबांसमोर धरला आणि हलवला.