मठातला मंद संगणक

“...आणि सगळ्यांचे फोन बंद करायला लावलेस, तेव्हा वेग वाढला का?” अच्युतस्वामींनी विचारलं.

“नाही, महाराज.”

विश्वंभर मान खाली घालून बसला होता. संगणकातलं मठात आपल्याइतकं कुणाला कळत नाही, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे. आज मात्र त्याची पुरती फजिती झाली होती. मठात स्वयंपाक करणाऱ्या गिरिजाबाईंच्या मुलीचा, रेवतीचा, नर्सिंगचा प्रवेशअर्ज भरायचा होता. मुदत चार वाजेपर्यंत. साडेतीन होऊन गेले, तरी बारावीची गुणपत्रिका काही केल्या वर जाईना. फोनवर तो अर्ज उघडतच नव्हता.

रेवती टेबलाशेजारी उभी होती. तिला रडू येत होतं, पण स्वामींसमोर तिने ते आवरलं.

“राऊटर?”

“दोनदा बंद करून चालू केला. इथे जवळ आणून ठेवला. कंपनीवाल्यालाही झापलं.”

“लोकांना फोन बंद करायला लावण्याआधी ते कसे चालत होते?”

“फोन... चांगले चालत होते.”

“म्हणजे अडलंय ते फक्त इथे.”

विश्वंभरला ते पटलं आणि झोंबलंही. सकाळपासून त्याने सगळ्या जगाला दोष दिला होता, आपलं टेबल तेवढं सोडून.

स्वामी वाकले. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक चक्र फिरत होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

“हे काय?”

“ती आपली प्रवचनं, महाराज.” विश्वंभरचा आवाज जरा सावरला. “नऊ वर्षांची. इंटरनेटवर जतन करतोय. आठ दिवस झाले, रात्रंदिवस आपोआप वर चढताहेत. आपला एकही शब्द वाया जायला नको.”



“थांबव.”

“मध्येच? आत्ता चाललंय ते अर्धवट राहील, महाराज. सेवेचं काम आहे.”

रेवतीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

विश्वंभरचा हात माउसवर होता, पण बोट हलेना. गुरूंचा शब्द आपल्याच हाताने तोडायचा, हे त्याला सोसवत नव्हतं.

“विश्वंभर, वर जायच्या दारात माझंच बोलणं बसलंय. उठव त्याला. पोरीला जाऊ दे.”