डोंगराच्या पोटातली वाट

फार पूर्वी एकाच नदीवर दोन राज्ये नांदत होती, एक वरच्या अंगाला आणि एक खालच्या. खालच्या राज्यात, सीमेवरच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या रंगाऱ्यांच्या गावात, एक रंगारीण राहायची. तिच्या निळीला दोन्हीकडे मागणी होती, आणि तिचा तोराही काही कमी नव्हता.

एका वर्षी नदीत मासे उलटे तरंगू लागले, मुले आजारी पडली. वरच्यांनीच विष कालवले म्हणत खालच्या राजाने सीमेवर फौज उभी केली. शेवटी कसेबसे ठरले, की आधी विषाचा माग काढायचा आणि ज्याचे निघेल त्याचा धंदा बंद करायचा.

हे काम रंगारिणीने हौसेने अंगावर घेतले. हळदीने रंगवलेले फडके साबणाच्या किंवा चुन्याच्या पाण्यात लाल होते, हे तिला ठाऊक होते. वरच्या राज्यातल्या साबणाच्या भट्ट्यांवर तिचा डोळा होताच. दोन्ही राजांचा एकेक शिपाई घेऊन ती काठाकाठाने वर निघाली.

सीमेपलीकडेही फडके लाल होत राहिले. मग डोंगरातून येणारा एक झरा नदीला मिळाला आणि त्याच्या वर फडके पिवळेच राहिले, अगदी भट्ट्यांच्या खालच्या अंगालासुद्धा. तिने तिथे पुन्हा पुन्हा बुडवून पाहिले, पण फडके काही ऐकेना.

ती मागे फिरून झऱ्याच्या उगमाशी गेली. आसपास ना घर ना भट्टी, नुसता कातळ. तिने ओंजळ नाकाशी नेली. तो तिच्याच निळीच्या रांजणांचा वास होता.

नदी म्हणजे आई, तिच्यात घाण सोडायची नाही, अशी रंगाऱ्यांची रीत. म्हणून ते चुन्या-निळीचे खराब पाणी डोंगरमाथ्यावर वाहून नेत आणि तिथल्या खोल बिळात ओतत. धरणीमाय सगळे पोटात घालते, असे ते म्हणत. पण पाण्याने एवढ्या थोरल्या डोंगरातून आपली वाट काढली होती, आणि माणसांची सीमा त्याच्या गावीही नव्हती. रंगारिणीच्या अंगावर काटा आला. नकळत तिचे हात जोडले गेले.

तिच्या बाजूचा शिपाई मात्र खूश झाला. झरा वरच्यांच्या हद्दीत, म्हणजे दोष त्यांचाच, असे तो म्हणाला. ती नुसती गप्प बसली असती, तरी भागले असते.

"झरा वरच्यांचा आहे," ती म्हणाली, "पण विष माझं आहे. वरून बिळात मीच ओतलंय."

फौज परतली आणि गावातले रांजण पालथे पडले. गावाने तिला बोल लावले, ते तिने ऐकून घेतले. खराब पाणी उन्हात आटवायला तिने गावाकडून पक्के हौद बांधून घेतले, आणि झऱ्याचे पाणी पिता येईपर्यंत रांजणाला हात लावायचा नाही, अशी अट स्वतःच घातली. दोन पावसाळ्यांनी झरा निवळला. तेव्हा वरच्या राज्यातल्या लोकांसमोर पहिली ओंजळ तीच प्यायली, आणि मग त्यांनी आपल्या लेकरांना पाण्याजवळ येऊ दिले.

तात्पर्य: नजरेआड केलेली घाण नाहीशी होत नाही, ती कोणाच्या तरी घड्यात उतरते, म्हणून माग काढताना आपले दार वगळू नये.