चिठ्ठीतला एक शब्द

एका घाटाच्या तोंडाशी एक नाका होता आणि त्या नाक्यावर रंगोपंत नावाचे दुभाषी होते. साहेबलोकांची इंग्रजी चिठ्ठी आली की ती वाचून जमादाराला मराठीत सांगायची, हे त्यांचे काम. पंचक्रोशीत बहुतेकांना इंग्रजीचा गंध नव्हता. त्यामुळे रंगोपंत म्हणतील ती पूर्व दिशा.

एका वर्षी घाटावरच्या गावांत पटकीची साथ आली. परवान्यावाचून कुणाला वर सोडायचे नाही, जो जाऊ पाहील त्याला फटके, असा हुकूम सुटला. एका सकाळी खालच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करणारी येसूबाई नाक्यावर आली. बोचक्यात औषधाच्या बाटल्या आणि हातात गोऱ्या डॉक्टराची चिठ्ठी.

रंगोपंतांनी वाचले, "सफर धिस वुमन टु गो अप."

"सफर म्हणजे प्रवासच ना?" जमादार म्हणाला. "मग सोडू या की."

रंगोपंत हसले. "जमादार, ही आपली सफर नव्हे. इंग्रजीत सफर म्हणजे यातना भोगणे. वर जाऊ पाहते म्हणून हिला भोगायला लावा, असे डॉक्टर लिहितात."

सगळ्यांसमोर हसे झाले तसा जमादार लालबुंद झाला. त्याने शिपायांकरवी येसूबाईला खांबाला बांधले. ती रंगोपंतांना म्हणाली,

"डॉक्टरांनी आपल्या हातानं बाटल्या भरून दिल्या, पंत. मग मला मारा म्हणून ते कशाला लिहितील?"

रंगोपंतांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. बाई म्हणत होती ते खरे होते. या शब्दाला दुसरा काही अर्थ असेल का? त्यांना ठाऊक नव्हते. पण तसे कबूल केले तर चाकरी जाणार, अब्रू जाणार, आणि चिडलेला जमादार कदाचित त्यांचीच पाठ फोडणार. तोवर जमादाराने आसूड उचललाही.

"थांबा!" रंगोपंत ओरडले. "मला या शब्दाचा अर्थ पक्का ठाऊक नाही."

जमादार आसूड घेऊन त्यांच्याकडे वळला. "आत्ता तर हसत होतात!"

"हसलो ते चुकलो. मिशनच्या शाळेतल्या म्हाताऱ्या मास्तरांना विचारून येतो. तोवर हिला हात लावू नका."

चिठ्ठी घेऊन ते धावत सुटले. मास्तरांनी चिठ्ठी पाहिली आणि म्हणाले, "जुन्या इंग्रजीत सफर म्हणजे मुभा देणे. या बाईला वर जाऊ द्या, एवढेच लिहिले आहे."

रंगोपंत तसेच माघारी पळाले. वाटेत प्रत्येक झुळकीसरशी त्यांना आसुडाचा आवाज ऐकू येत होता. पण जमादार थांबला होता. रंगोपंतांनी खरा अर्थ सांगितला तसा दोर सुटला. येसूबाईच्या मनगटांवर वळ उठले होते. रंगोपंतांनी हात जोडले.

बोचके उचलत ती म्हणाली, "पंत, शब्द तुम्हाला अडला, पण पाठ माझी सोलली असती." आणि मागे न पाहता घाट चढू लागली.

तात्पर्य: एका शब्दाचे अनेक अर्थ असतात. आपल्या सांगण्यावर दुसऱ्याचे बरेवाईट ठरणार असेल, तर 'मला पक्के ठाऊक नाही' असे म्हणायला कचरू नये.