मगेचा खडप

हुरसाळीच्या खाडीच्या तोंडाशी पाण्यातून डोके काढून बसलेला काळा खडक दिसतो, त्याला मगेचा खडप म्हणतात. 'मगे?' म्हणजे 'मग पुढे काय?' पाहुण्यांना तो दाखवताना बाबुली तारी आधी होडी थांबवतो. ही हकीकत वल्ही मारत सांगायची नसते.

फिरंग्यांशी लढाई चालू असताना गावाच्या राखणीला एक लहान गलबत या खडपाआड उभे असे. त्यावर सात खलाशी, एक तोफ आणि तांडेल विठू कुबल. तोफ कधीमधी चाले, विठूची जीभ रोज. त्याच्या गोष्टीला प्रत्येकाने 'हूं' म्हणायचे. एक हूं कमी पडला की गोष्ट बंद. जेवण बंद केले असते तरी खलाशांनी इतकी कुरकुर केली नसती, म्हणे.

एका सकाळी धुके असे दाटले की हातातले वल्हे दिसेना. विठूने हलक्या आवाजात सासूची गोष्ट काढली. फिरंग्यांनी सासूला जहाजावर धरून नेले.

"तिसऱ्या दिसाक फिरंगी तहाक इलो."

"मी दुसऱ्याच दिसाक इलो असतंय," तोफेवरचा गणो पुटपुटला.

विठूने सवयीने हूं मोजले. सात. आणि मग धुक्यातून, चार हातांवरून, आठवा आवाज आला.

"मगे?"

विठूने ओळखले. शत्रूचा मचवा शेजारी होता, आणि त्यावरचा कोणी वल्हेकरी त्याच्याच बोलीत विचारत होता. पोटासाठी फिरंग्याकडे राहिलेला इकडचाच कोणी; बाकीचे वल्हेकरीही तसलेच असणार. गोष्ट आपल्याच मचव्यावर चालली आहे, असे त्या बिचाऱ्याला वाटले असावे.

गप्प बसावे तर मचवा सावध होणार, आणि मागे गाव होते. एका आवाजावर नेम धरता येत नव्हता. सगळा मचवा बोलायला हवा होता. विठूने शेजाऱ्याच्या तोंडावर हात दाबला: आपल्यातल्या कोणी हसायचे नाही. ती खूण तोंडातोंडावरून गणोपर्यंत गेली.

"मगे फिरंगी म्हणता, एक किल्लो देतंय, पण हिका परत व्हर. मी म्हटलंय, दोन घेतल्याशिवाय जमाचा नाय."

धुके खदखदून हसले. गणोने त्या हसण्यावर तोफ डागली. हसणे मध्येच तुटले.

गाव वाचले. विठूला सोन्याचे कडे मिळाले. सनदेत 'पराक्रम' असे लिहिले होते, असे सांगतात. विनोदासाठी सरकारात वेगळा शब्द नसावा. विठूने पुन्हा गोष्ट सांगितली नाही. कोणी गळ घातलीच तर 'मगे' म्हणणाऱ्या त्या वल्हेकऱ्याबद्दल तो एवढेच विचारी, "तेचा गाव खंयचा असात?"

आजही खडपाजवळ प्रत्येक होडी थांबते. कोणीतरी एक गोष्ट सुरू करतो आणि शेवटाच्या अलीकडे सोडून देतो. होडीतले सगळे पाण्याकडे कान देऊन बसतात. हसत कोणी नाही.

बाबुलीही आपली हकीकत इथेच थांबवतो. एखादा नवखा पाहुणा न राहवून हळूच विचारतो, "मग?"

बाबुली दचकून आधी धुके आहे का ते बघतो, आणि मग वल्हे उचलतो.