कमानीखालची जागा

राजज्योतिषी विश्वंभरशास्त्री दरबारात तणतणले, "महाराज, लोक माझ्या शास्त्रावर शंका घेतात आणि या अडाणी पाथरवटावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. हा कुठला न्याय?"

महाराजांनी सटवाजी पाथरवटाकडे पाहिलं. सटवाजीने हात जोडले. "उद्या वेशीच्या नव्या कमानीचा लाकडी आधार काढायचाय. आमच्यात रिवाज आहे, आधार काढताना बांधणाऱ्याने खाली उभं राहायचं. मुहूर्त शास्त्रीबुवांनीच काढून दिलाय. त्यांनीही माझ्या शेजारी यावं."

शास्त्रीबुवा एक पाऊल मागे सरकले. "उद्या माझे ग्रह जरा प्रतिकूल आहेत."

"मग बुवा," सटवाजी शांतपणे म्हणाला, "शुभ मुहूर्त कुणाच्या जिवावर काढलात?"

दुसऱ्या दिवशी आधार निघाला. कमान तसूभर हलली नाही. खाली सटवाजीच्या शेजारी, शास्त्रीबुवांच्या जागेवर, खुद्द महाराज उभे होते.